पाणी पोचल्याची खबर

हिरडीटोला,
१७ सप्टेंबर

रत्नपाल,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तू फोन उचलत नाहीस. उचलू नकोस. पण तुलसा म्हणाली, "चिठ्ठी लिहा. जनमभर टपाल वाटलं त्या माणसानं, चिठ्ठी नाई फेकणार तो." बायकोचं ऐकायला मला नेहमीच उशीर होतो, पण ऐकतो. पंचवीस वर्षं केशोरीच्या पोस्टातली थैली सायकलला अडकवून तू गावोगाव फिरलास, लोकांची पत्रं त्यांच्या दारातल्या सपरीसमोर उभा राहून त्यांना वाचून दाखवलीस. तेव्हा हे निदान फोडशील.

कामाचंच लिहितो. पाऊस यंदा गणपतीबरोबरच गेला. तलाव अर्धा आहे. लवकर पिकणारं हलकं धान निघून जाईल, उशिराच्या भारी धानाला मात्र तलावाचं पाणी लागणार. चार ऑक्टोबरला शाळेत पाणी समितीची सभा ठेवली आहे, आणि वरच्या शेतांचा इंद्रकुमार तिथे प्रस्ताव आणतो आहे की या वर्षी पाणी वरून सुरू करायचं. आधी तलावालगतची शेतं, मग मधली, उरलं तर शेवटची. "फक्त या वर्षी," म्हणतो. या देशात 'फक्त या वर्षी' म्हणून सुरू झालेलं काही थांबलेलं मी अजून पाहिलं नाही.

चौकातल्या पानठेल्यावर बसून तो सगळ्यांना सांगत असतो, "शेवटून पाणी देनं म्हणजे तोंड सोडून पायाले जेवू घालनं होय." लोक हसतात. तुझा नियम अठरा वर्षं चालला, तो त्याच्या एका वाक्यावर लोक हसून टाकतात. शेवटच्या बांधीत, म्हणजे टोकाच्या शेतात, पाणी पोचायचं असेल तर सगळी नहर साफ असावी लागते, आणि नहर साफ असली की मधला कोणी कोरडा राहत नाही, हे तू किती सोपं करून सांगायचास. मी सांगायला लागलो की लोक तंबाखू मळायला लागतात.

आणि तो दुसरंही बोलतो. "तीन सालाआधी शेवटूनच देऊन राहिलो होतो ना? काय झालं? पाणी सोडनाऱ्या सेवकरामनं पैसे खाल्ले अन् वरच्या शेताची मोरी उघडली. मंग कायले पायजे असा नियम?" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. म्हणजे मी देत नाही.

तू ये. दोन दिवसांसाठी ये. तू बोललास तर लोक ऐकतील, तुझ्या बाजूचेही आणि आमच्या बाजूचेही. आमच्याकडेच उतर. मी आता थकलो आहे रत्नपाल. गुडघे गेलेत, अध्यक्षपद कोणी घेत नाही म्हणून माझ्याकडे आहे, आणि भांडायचा तर कंटाळाच आला आहे.

भुवनेश्वर


हिरडीटोला,
२६ सप्टेंबर

रत्नपाल,

समीक्षाचा निरोप आमच्या मनीरामच्या मोबाइलवर आला. पोरानं जेवताना सगळ्यांसमोर वाचला. "काका, बाबांना पत्र मिळालं. त्यांनी एवढंच विचारायला सांगितलं आहे: चावी कुठे होती?"

बस. एवढंच. मी दोन पानं लिहिली, गावाचा नियम बुडायला आला म्हणून लिहिली, आणि तू चावी विचारतोस. मला राग आला. ताटावरून उठलो. तुलसानं माझं ताट झाकून ठेवलं. सून ओमेश्वरी माझ्याकडे पाहत होती, तिला काही कळलं नाही. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती, पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला बाळंतपणासाठी माहेरी होती. कोणती चावी, कसली चावी, तिला कोणी सांगितलेलं नाही.

चावीचं नंतर लिहितो. आधी तुला एक आठवण करून देतो, म्हणजे तुला कळेल की मी काही विसरलेलो नाही.

पहिल्या वर्षी नियम ठरला तेव्हा तू त्यात एक गोष्ट घातलीस जी आम्हाला कोणालाच कळली नव्हती. शेवटच्या बांधीत पाणी भरलं की तिथला माणूस खबर घेऊन चालत वर येईल. वरच्या घरात त्याला प्यायला पाणी द्यायचं. पाणी प्यायल्यावर तो खबर सांगेल, आणि मग वरच्या शेतांच्या मोऱ्या, नहरीतून पाणी आत घ्यायची तोंडं, उघडतील. आम्ही म्हटलं, चला, रत्नपालला हौस आहे, लिहून टाका. मीच माझ्या अक्षरात रजिस्टरमध्ये लिहिलं.

मग कार्तिकाच्या उन्हात तू आमच्या अंगणात येऊन उभा राहिलास. माझ्या आईनं लोटा आणला आणि लांबून, वरून पाणी ओतायला लागली, जसं तुझ्या वडलांना ओतायची. तू ओंजळ केलीच नाहीस. हसून म्हणालास, "गिलासात द्या ना जी, मी थांबतो." आई आत गेली ती परत येईना. तू थांबलास. आमच्या धानाला पाणी पाहिजे होतं, सेवकराम चावी घेऊन मोरीपाशी बसला होता, आणि तू प्यायल्याशिवाय खबर सांगणार नव्हतास. मी आईला म्हटलं, "दे ना वो गिलास." ती म्हणाली, "तुह्याच गावात येक दिवस तुलेच पानी मांगा लागंल." दुपार कलली. शेवटी तिनं पितळी गिलास भरून तुझ्या हातात दिला. तू सावकाश प्यायलास, गिलास तिच्या हातात परत दिलास आणि म्हणालास, "पाणी पोचलं, काकी."

त्या दिवशी मला तुझा रागच आला होता. आता खरं सांगतो, मला वाटलं होतं तू आम्हाला अडवून धरलंस. पुढच्या वर्षी आईनं आधीच गिलास घासून ठेवला होता. तिसऱ्या वर्षी तिनं तुला सपरीत बसायला सांगितलं आणि तुझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मरायच्या आदल्या वर्षी तर ती विचारत होती, "अजून रत्नपाल काऊन नाई आला?" बैठका, भाषणं, सरकारी योजना, सगळं आम्ही पाहिलं आहे. पण माझ्या आईला कोणी बदललं असेल तर ते तू, आणि तेही न भांडता, अंगणात उभं राहून.

म्हणून म्हणतो, ये.

आणि चावी. मोऱ्यांच्या दोन चाव्या होत्या, एक सेवकरामकडे, एक अध्यक्ष म्हणून माझ्याकडे. माझी चावी खुंटीवर होती. तेव्हाच्या सभेत सांगितलं होतं, तेच लिहितो.

भुवनेश्वर


हिरडीटोला,
३० सप्टेंबर

रत्नपाल,

चावी खुंटीवर नव्हती.

हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, म्हणजे तसं पाहिलं तर तीन वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो. तुला बहुतेक ठाऊक आहे. तू सभेत विचारलंस, "भुवन, तुझी चावी घराबाहेर गेली होती काय?" आणि मी म्हटलं, "नाही." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुढचं काही विचारलं नाहीस. त्या नजरेनंच मी एवढा म्हातारा झालो असेन.

त्या वर्षी मी बारीक धान लावलं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की एकाच वेळेला पिकणारं धान लावायचं, म्हणजे पाणी एकदम देता येईल. पण बाजारात बारीक तांदळाला भाव होता आणि मला वाटलं, मी अध्यक्ष आहे, मला कोण विचारतं. ते धान सगळ्यांपेक्षा वीस दिवस मागे राहिलं. ऐन दाणा भरायच्या वेळी जमीन भेगाळली. आणि पाणी माझ्या बांधाशेजारून नहरीतून खाली, तुमच्या बाजूला वाहत होतं. पाळी तुमची होती.

दसऱ्याला तुम्ही सगळे दीक्षाभूमीला निघालात. दोन गाड्या भरून, पोरंबाळं घेऊन. गाडी आमच्या घरासमोर थांबवून तू खिडकीतून म्हणालास, "भुवन, पाणी सुरू आहे, जरा लक्ष ठेव गा. तू आहेस म्हणून बिनघोर जाऊन राहिलो." सेवकराम पण सासुरवाडीला गेला होता. शेवटचा टोला, तुमची सगळी वस्ती, रिकामा. खबर आणणारं कोणी नव्हतं.

मी दुपारी जेवून उठलो, खुंटीवरची चावी घेतली, माझ्या मोरीची लोखंडी पाटी उघडली आणि घरी येऊन झोपलो. झोप लागली, हे विशेष. दोन दिवस पाणी माझ्या शेतात गेलं. तुम्ही यायच्या आधी पाटी लावून टाकली. तुमच्या बांध्या तोवर कोरड्या पडल्या होत्या आणि तलावात पाणी उरलं नव्हतं. तुझं धान पोचट गेलं, कणसात दाणाच नाही. माझं भरलं.

माझं शेत आणि पाझरून शेजारची वरची शेतंही ओली दिसली तेव्हा मी आधी खेकड्यांवर ढकललं, बांधात बिळं केली म्हणून. लोकांना ते पटेना. मग कोणीतरी सेवकरामचं नाव काढलं, वरच्या कोणाकडून दारूला पैसे घेऊन त्यानं सासुरवाडीला जाताना उघडली आणि आल्यावर लावली असेल. मी गप्प बसलो. खोटं बोललो ते फक्त 'नाही' एवढंच, बाकीचं सगळं मी गप्प बसून केलं. सेवकरामची चावी काढून घेतली. तू उठलास, महिनाभरात शेत टोल्यातल्या रुख्माला ठेक्यानं दिलंस आणि मुलीकडे नागपूरला गेलास. लोक म्हणाले, रत्नपालला शहराची हवा लागली.

तुलसानं मला चावी घेताना पाहिलं होतं. त्या वर्षीचा तांदूळ तिनं अजून शिजवलेला नाही. वेगळ्या कोठीत आहे, सोंडे पडलेत. घरात धानाच्या राशी असताना ती माझ्या ताटात रेशनचा तांदूळ वाढते. पोराला सांगते, म्हाताऱ्याले तोच पचते. तीन वर्षं मी तो भात खातो आहे आणि अजून एकदाही विचारलेलं नाही की का.

परवा सडक अर्जुनीला गेलो होतो. सेवकराम हायवेवरच्या ढाब्यावर तंदूरशी असतो. बारीक झाला आहे. मला पाहून म्हणाला, "आता कायले आले जी?" मी भट्टीशेजारी उभा राहून सगळं सांगितलं. ट्रकवाले रोट्या मागत होते, तो रोट्या लावत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "मले मालूमच होतं. मी नाई उघडली म्हणजे दुसऱ्याच चावीनं उघडली ना? मले इथं सांगून काय फायदा? चोर मी गावात झालो जी, ढाब्यावर नाई. गावात सांगा." मग विचारलं, रोटी खाणार का. मी नको म्हटलं आणि बसमध्ये बसलो.

आता माझी खरी अडचण सांगतो. इंद्रकुमारचं सगळं बोलणं या एका खोट्यावर उभं आहे. नियम मोडला तो सेवकरामनं आणि शेवटून पाणी देण्याच्या पद्धतीत चोरी होतेच, हेच तो सांगतो. ते खोटं मी पाडलं नाही तर तुझा नियम पडतो. तू येऊन बोलावंस म्हणून मी तुला बोलावत होतो, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. तू चावी विचारलीस ती काही उगाच नाही.

म्हणून आता 'ये' म्हणत नाही. सभेत काय झालं ते कळवीन. धीर झाला नाही तर तेही कळवीन.

भुवनेश्वर


हिरडीटोला,
५ ऑक्टोबर

रत्नपाल,

सभा झाली. शाळेच्या वर्गात पोरांच्या छोट्या बाकांवर बसलो होतो, गुडघे हनुवटीला. एरवी वीस माणसं येतात, काल दाराबाहेरही उभे होते. सेवकराम आला होता, अगदी मागे भिंतीला टेकून. मी त्याला कळवलं होतं.

इंद्रकुमारनं प्रस्ताव मांडला. पाय आणि तोंड, सेवकराम आणि पैसे, सगळं म्हणून झालं. शेवटच्या टोल्याकडून रुख्मा उठली आणि म्हणाली, "येका मान्सानं चोरी केली म्हून आमचं पानी बंद करता काय?" इंद्रकुमार म्हणाला, "चोरी तुमच्याच नियमात झाली ना बाई." लोक माना हलवत होते. मतं घ्यायचीच बाकी होती, आणि मतं मोजली असती तर वरचे जास्त आहेत.

मी उठलो. पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, "मोरी सेवकरामनं नाई उघडली. मी उघडली. माझ्या चावीनं."

एकदम गलका झाला. इंद्रकुमार म्हणाला, "भाऊजी, तुम्ही कायले दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेता?" त्याला वाटलं मी सेवकरामला वाचवायला खोटं बोलतो आहे. गंमत पाहा, तीन वर्षं खोटं बोललो ते सगळ्यांना पटलं आणि पहिल्यांदा खरं बोललो तर विश्वास बसेना. मला बारीक धानाचं, दसऱ्याच्या दुपारचं, सगळं सांगावं लागलं. तरीही दोघेतिघे म्हणाले, जाऊ द्या, झालं गेलं, अध्यक्षसाहेब आहेत, वय झालं. गाव असंच माफ करतं, वरच्याला लवकर.

तेव्हा ओमेश्वरी बोलली. माझी सून. बायकांत बसली होती, मांडीवर लेकरू. उठून म्हणाली, "मामाजी, रजिस्टर काढा. पाळी मोडली तर काय करायचं ते लिहून हाय ना?"

मला ठाऊक होतं काय लिहून आहे. माझ्याच अक्षरात आहे. पाळी मोडणाऱ्यानं नहरीचा शेवटचा तुकडा स्वतःच्या हातांनी साफ करायचा, मजूर लावायचा नाही, आणि ते झाल्याशिवाय त्याच्या शेताला पाणी नाही. अठरा वर्षांत ही शिक्षा कोणाला झाली नव्हती. तिनं ते मोठ्यानं वाचलं. मनीराम तिच्याकडे डोळे वटारून पाहत होता. ती त्याला म्हणाली, "काऊन पाहता? आपल्या घरात खबर घेऊन येतात त्याईले मी कोणत्या तोंडानं पाणी देऊ मंग?"

मग ती असं म्हणाली, ते तुला जसंच्या तसं सांगतो. "हा काही आजचा नियम नोहोय. जुन्या मालगुजाराच्या काळापासून चालत आला हाय. आपल्याले मोडता नाई येत."

मालगुजाराच्या काळापासून! मी तिला सांगणार होतो की अगं, मालगुजाराच्या, त्या जमीनदाराच्या काळात शेवटच्या माणसाला नहरीत हातही बुडवू देत नव्हते. हे एका टपालवाल्यानं केलं आहे, तो तुझ्या सासऱ्याच्या वर्गात होता आणि गणितात माझी वही पाहून लिहायचा. तोंड उघडलं आणि मिटलं. ती आठ वर्षं हे घरात पाहते आहे. खबर आली की गिलास भरायचा. कोणी सुरू केलं, हे तिला विचारावंसंही वाटलं नाही, इतकं ते घरचं झालं आहे. मला तुझ्यासाठी वाईट वाटलं. रात्री तुलसाला सांगितलं तर ती म्हणाली, "वाईट कायले? त्याचंच तर सारं चालून राहिलं."

प्रस्ताव पडला. इंद्रकुमारनं स्वतःच मागे घेतला, तुझा नियम त्याला आवडला म्हणून नाही, पण आता तो कोणत्या तोंडानं बोलणार? सेवकरामला त्याची चावी परत दिली. त्यानं ती मुठीत धरली आणि बराच वेळ खिशात टाकली नाही. दुसरी चावी माझ्याकडून घेऊन रुख्माकडे दिली. अध्यक्षपदही सोडलं. ते अजून कोणी घेतलेलं नाही, टेबलावर पडलं आहे.

उद्यापासून फावडं घेऊन नहरीच्या शेवटच्या टोकाला जाणार आहे. माझ्या गुडघ्यांना तुझा नियम मान्य नाही, पण त्यांना कोण विचारतं.

भुवनेश्वर


हिरडीटोला,
२२ ऑक्टोबर

रत्नपाल,

दहा दिवस लागले. तरुण माणसानं तीन दिवसांत केलं असतं. नहरीत गाळ गुडघाभर आणि दोन्ही काठांना बेशरमाची झाडं, उपटली की दुसऱ्या दिवशी तिथंच हसत उभी. मनीराम लपून मदत करायला आला, त्याला रुख्मानं हाकललं. "लिहून नाई काय? सोताच्या हातानं." दुपारी मात्र तीच मला आंबील आणून द्यायची आणि बांधावर बसून माझ्या चुका काढायची.

एक गोष्ट कबूल करतो. एवढी वर्षं पाणी समितीचा अध्यक्ष होतो, पण शेवटच्या बांधीला मी या वर्षी पहिल्यांदा गेलो. कागदावर ती मला ठाऊक होती. तिथून तलावाची पाळ दिसतच नाही. आपल्याला पाणी सोडलं आहे की नाही हे इथल्या माणसाला कळायला मार्गच नाही, नहरीकडे पाहत बसायचं एवढंच. तू लहानपणी शाळेत उशिरा यायचास आणि गुरुजींना सांगायचास की बाबा पाण्याची वाट पाहत होते, म्हणून मी पण थांबलो. आम्ही हसायचो. आता त्याच जागी बसून मी दहा दिवस वाट पाहिली.

पाळी सुरू झाली आणि मधेच दसरा आला. टोल्यावरचे सगळे दीक्षाभूमीला निघाले, दर वर्षीसारखे. मी नहरीत उभा होतो. रुख्मा पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन आली आणि काठावरून म्हणाली, "भाऊ, तुमी इथंच हा ना? पानी पायजा. भरलं की खबर तुमीच नेजा." मी म्हटलं, "रुख्मा, तीन वर्षांपूर्वी याच दिवशी—" ती म्हणाली, "मालूम हाय. म्हून तं सांगून राहिली." आणि गाडीत जाऊन बसली. मी चिखलात उभ्यानं रडलो. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून लिहायला हरकत नाही.

दसऱ्याच्या दुपारी शेवटच्या बांधीत पाणी भरलं. तुझ्या बांधीत. आधी कोपऱ्यात चमकलं, मग भेगांत शिरलं, मग धानाच्या बुडाशी सगळीकडे सारखं झालं. मी बांध नीट लिंपला आणि चालायला लागलो. अडीच किलोमीटर. वाटेत नहरीतलं पाणी दिसत होतं, माझ्या शेताजवळून जाताना माझं धानही तहानलेलं दिसलं. माझी पाटी बंद होती. आपल्याच घरी आलो आणि अंगणात उभा राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप तिथंच थांबले, जिथं तू थांबला होतास.

ओमेश्वरी बाहेर आली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. आत गेली, आईचा तोच पितळी गिलास घासलेला होता, तो भरून आणला आणि दोन्ही हातांनी दिला. "घ्या जी." सासऱ्याला नव्हे, शेवटच्या बांधीवरून आलेल्या माणसाला देतात तसा. दारात तुलसा उभी होती. मी ते पाणी प्यायलो, आणि आईचे ते शब्द आठवले, तुह्याच गावात येक दिवस तुलेच पानी मांगा लागंल. तिनं ते शाप म्हणून म्हटलं होतं, पण ते पाणी मला गोड लागलं. मग म्हटलं, "पाणी पोचलं."

सेवकरामनं वरच्या मोऱ्या उघडल्या. संध्याकाळी तुलसानं भात वाढला. रेशनचा नव्हता, यंदाच्या हलक्या धानाचा होता. मी दोनदा मागून घेतला.

रुख्मा काल परत आली. म्हणाली, दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपाशी तू भेटलास. केस सगळे गेले, म्हणे. मी विचारलं, काय बोलला. म्हणाली, "येवडंच पुसलं, पानी पोचलं काय म्हून. मी म्हटलं, मले नाई मालूम जी, भुवनभाऊवर सोडून आली."

तुला उत्तर मिळालं नाही. या पत्रातही मी ते तुला देत नाही. वर लिहिलं ते पत्रातलं झालं, आणि खबर कागदावर द्यायची नसते हा तुझाच नियम आहे. ती चालत न्यायची असते.

उद्या सकाळच्या बसनं मी केशोरीहून निघतो. हे पत्र माझ्याच खिशात आहे, टपालात टाकत नाही. समीक्षाच्या घराच्या दाराशी तुला ते देईन. तू वाचेपर्यंत मी बाहेर उभा असेन. पाणी दिलंस तर पिईन आणि सांगीन. आणि आत जाऊन लवकर बाहेर आला नाहीस, तरी मला घाई नाही. मी थांबतो.

भुवन